दोन इंचांचा हिशेब

उंच केलेली जीप कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभी राहिली की तिच्याभोवती गर्दी जमते. "काय लूक आहे यार!" त्या गर्दीत मीही असते. पण गाडी उंच केल्यावर तिच्या पोटाखाली काय काय बदलतं, हे मला कळलं ते हिवरा आश्रमला, मामांच्या अंगणात.

१९४७ साली महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून शेत, लग्न, दवाखाना, सगळ्या कामांना जीप! मामांची जुनी जीपही तशीच राबते. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं. म्हणून मामांनी एका गॅरेजमधून चारही कमानपाट्यांना ४ इंच जास्त लांबीची शॅकल बसवून घेतली. पाट्याचं एकच टोक खाली जात असल्याने गाडी उचलली गेली जेमतेम २ इंच. मामा खूश! मी शंका काढली तर म्हणाले, "चिखलात पोट घासत नाही आता. अजून काय पाह्यजे तुले?"

पण डांबरी रस्त्यावर गाडी भरकटायची आणि पन्नासच्या वर गेली की थरथरायची. चाकांचं बॅलन्सिंग दोनदा झालं, फरक शून्य. मग जानेवारीत विवेकानंद जन्मोत्सव आला. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात तेव्हा एवढी गर्दी लोटते की महाप्रसाद ट्रॅक्टरमधून वाढावा लागतो. रस्त्याच्या कडेने माणसंच माणसं. आम्ही आजीला घेऊन निघालो होतो. एका खड्ड्यात चाक गेलं आणि स्टेअरिंग आपोआप त्या माणसांच्या बाजूला वळलं. मामांनी सावरलं, कुणाला काही झालं नाही. आजी एवढंच म्हणाली, "गाडी आयकत नाही का रे तुही?"

दुसऱ्या दिवशी कंपासपेटीतला कोनमापक आणि गवंड्याकडचा ओळंबा घेऊन मी गाडीखाली शिरले. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, कॅस्टर. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष वरच्या बाजूला थोडा मागे झुकलेला असतो, म्हणून वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होतं. पुढच्या पाट्याचं पुढचं टोक खाली गेल्याने अॅक्सल पुढे कलला आणि कॅस्टर शून्याच्याही खाली गेला. गाडी भरकटणारच!

दुसरी, ड्रॅग लिंक. स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा हा दांडा होता होईल तेवढा आडवा हवा. गाडी उचलल्यावर तो तिरपा झाला. आता खड्ड्यात अॅक्सल वर-खाली झाला की दांडा चाकाला ढकलतो किंवा ओढतो. आजीच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

तिसरी, प्रॉपेलर शाफ्ट. आपण ज्याला हूक्स जॉइंट म्हणून परीक्षेत लिहितो, तो गॅरेजमधला 'क्रॉस'. १५ अंशांच्या कोनात तो मिनिटाला १००० फेरे घेतले तर पुढे ९६६ ते १०३५ या वेगांत देतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात दोनदा झटका. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन तेवढाच असेल तर हे झटके एकमेकांना मारतात. मागच्या शाफ्टला मला एका टोकाला १५ आणि दुसऱ्या टोकाला १० अंश मिळाले. चाकांचं बॅलन्सिंग करून हे कसं जाणार?

मामांनी कागद दोनदा बघितला आणि म्हणाले, "मंग उंची निम्मी करू." नवी शॅकल फक्त २ इंच जास्तीची बसली. उरलेला कल काढायला पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये ३ अंशांची लोखंडी पट्टी घातली. पुस्तकात तिला टेपर शिम म्हणतात, मिस्त्री म्हणाले 'पाचर'. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा शब्द मला नवाच होता, पण आता तोच आवडतो. पुढे पाचर घातली की पिनियनही खाली झुकतो, म्हणून पुढच्या शाफ्टचे कोनही पुन्हा मोजले. शाफ्टच्या स्लिप जॉइंटची पकड पुरेशी उरली आहे ना आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही तपासलं. ड्रॅग लिंकसाठी स्टेअरिंग बॉक्सचा खाली वाकवलेला आर्म टाकला. शेवटी स्टेअरिंग मधोमध आणून व्हील अलाइनमेंट.

मित्रांनो, गाडी उचलायला एक दुपार पुरते. पण उंची म्हणजे नुसते इंच नव्हेत, तिच्यासोबत सगळे कोन बदलतात, आणि कोन डोळ्यांना दिसत नाहीत. बिल मात्र ज्याने उंची मागितली त्यालाच येतं असं नाही. कडेने चालणाऱ्यालाही येऊ शकतं.

मामांना अजूनही गाडी जरा बसकीच वाटते. आजी मात्र आता हट्टाने पुढच्या सीटवर बसते.