रकसचं खानदान

नातू इंग्रजी माध्यमात घातला की आजोबांना म्हातारपणी पुन्हा शब्दकोश उघडावा लागतो. आमच्या जळगावच्या घरात तो परवा उघडला. नातवाच्या डायरीत शेरा होता : ‘हा वर्गात रकस करतो.’ सौ. म्हणाली, “सर्कस असेल हो! बाईंचा ‘स’ राहून गेला.”

सर्कस नव्हती. रकस म्हणजे दंगा. शब्द अमेरिकेतला, १८९० च्या सुमाराचा. ‘रक्शन’ आणि ‘रम्पस’ या दोघांच्या संकरातून झाला असावा, असं कोशकार म्हणतात. पैकी रक्शनचं नातं म्हणे आयर्लंडच्या १७९८ च्या बंडाशी. रम्पसच्या आईबापांचा तर पत्ताच नाही. खानदान हे असं!

अशा वेळी धुळ्याची आठवण येते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली तिथंच वारले. इतिहासाइतकीच शब्दांची कुळं धुंडाळण्याची त्यांना हौस. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. तीच हौस जरा आपल्या दंग्यावर करून पाहा. गोंधळ? साक्षात देवीची उपासना. संबळ, दिवटी सगळं रीतसर. शिमगा? सण. बोंब मारायची तीसुद्धा पंचांग बघून! तमाशा मूळचा अरबी. त्याचा पहिला अर्थ म्हणे नुसता फेरफटका. पुढं गडबडीच्या अर्थानं साहेबानंही तो उचलून आपल्या कोशात नेऊन ठेवला. घरात रम्पस असून!

म्हणजे आपल्याकडे आवाजाला आधी निमित्त असायचं, मग बदनामी. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई बसते. पुण्या-सुरतेचे भाऊबंद जमतात, रोट होतात, रविवारी रात्रभर गाणी आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. गल्लीत कुणाला झोप नसते, पण कुणी कुरकुरत नाही. दोन दिवसांनी आपोआप थांबणार, हे ठाऊक असतं ना! हल्लीच्या डीजेला मात्र ना तिथी, ना देवी. रात्री दहानंतर बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे, पण नियमाचा आवाज डीजेपुढं कुणाला ऐकू येणार?

मंगळवारी पाहुणे आपापल्या गाड्या धरतात. घर एकदम रिकामं होतं. सौ. पलंगावर टेकते, म्हणते, “हुश्श! किती शांत वाटतंय हो!”

आणि पाचव्या मिनिटाला उठून टीव्ही मोठ्यानं लावते.