मनोरमेला धर्म कोणी शिकवायचा?

इंदूरमध्ये मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवू पाहणारी ख्रिस्ती कुटुंबे थोडीच. ती माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: अमेरिकेहून पुस्तकांचा कोणता संच मागवायचा? मी म्हणते, आधी पंडिता रमाबाई वाचा. उत्तर ऐकून चेहरे जरा पडतात.

रमाबाई स्वतः घरीच शिकल्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी आधी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. शास्त्रीमंडळी खवळली, तरी ते हटले नाहीत. पुढे वडील थकले आणि लक्ष्मीबाईंनी रमेला आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्यापर्यंत शिकवले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण 1907 च्या आत्मनिवेदनात रमाबाई आणखी काही सांगतात. मुलांचा बाहेरच्या जगाशी संबंध येऊ नये, अशी आईवडिलांची इच्छा होती. संस्कृतखेरीज दुसरी भाषा नको, लौकिक विद्या नको, म्लेच्छांचा संग तर नकोच. मग दुष्काळ आला. आईवडील गेले, थोरली बहीण गेली, आणि उरलेल्या बहीणभावाला कळले की पोट भरण्याजोगे एकही काम आपल्याला येत नाही. जिच्यासाठी एवढी राखण केली ती श्रद्धाही ढासळली.

देव आणि पोथी तेवढी बदला. माझ्यासमोर बसलेल्या पालकांची भीती हीच असते. सगळ्यांची नव्हे. कुणाचे मूल शाळेत रडकुंडीला येते, कुणाची फिरतीची नोकरी असते, आणि त्यांचे काम सोपे असते. पण ‘बाहेर मूल बिघडेल’ म्हणणाऱ्यांशी मला तासभर बोलावे लागते.

रमाबाईंची दुसरी बाजूही मी त्यांना दाखवते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांच्या चिमुरड्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. पुढे त्या चेल्टनहॅमला होत्या, मुलगी वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे. तिला धर्मातले काय आणि केव्हा शिकवायचे यावरून त्यांतल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांची चांगलीच जुंपली. आई मी आहे, हा निर्णय माझा, असे त्यांचे म्हणणे. ही पत्रे 1977 मध्ये छापली गेली. घरी शिकवू पाहणाऱ्या आईला याहून खंबीर वकील मिळायचा नाही. आणि याच बाईने मुलीला घरात कोंडले नाही, पुढे अमेरिकेतही शिकायला धाडले.

भारतात परतल्यावर रमाबाईंनी विधवा मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली. तिथे धर्म शिकवायचा नाही असे ठरलेले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या, पुण्यात गहजब झाला, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टीकाकारांना ते दार म्हणजे गळ वाटला. मला वाटते, त्याच दारातून मनोरमेलाही रोज दुसऱ्या धर्माची माणसे दिसत होती.

कायद्याचे थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे त्याच्या कलम 10 प्रमाणे पालकांचे कर्तव्य, मात्र ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरची शाळा या फटीत चालते, हे पालकांनी समजून असावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून 14 पूर्ण झाल्यावर दहावी देता येते.

उरली पुस्तके. आयात संचांत डॉलर, मैल आणि मेफ्लॉवर जहाज असते, अहिल्याबाई मात्र नसतात. त्यापेक्षा शार्लट मेसन यांची पद्धत बरी. ही इंग्रज बाई श्रद्धाळू ख्रिस्ती. ‘होम एज्युकेशन’ हे तिचे पुस्तक 1886 चे. धडा छोटा, गोष्ट एकदाच वाचायची आणि मुलाने ती आपल्या शब्दांत सांगायची. त्याला पैसा लागत नाही. गोष्ट मराठी बायबलमधली चालेल, पक्षी सिरपूर तलावावरचे चालतील.

आणि गणिताला दुसऱ्या धर्माचे मास्तर ठेवा, संध्याकाळी पोरांना गल्लीत खेळायला सोडा, असे मी सांगते. काही पालक इथे उठून जातात. मी थांबवत नाही.