खटका

१/
११ एप्रिल १९३०. कुमाऊंच्या डोंगरांतली काला आगर गावानजीकची एक घळ. जिम कॉर्बेट एका प्रचंड शिळेला वळसा घालून पुढे आले आणि त्यांनी सहज उजव्या खांद्यावरून मागे पाहिले. अवघ्या आठ फुटांवर चौगडची नरभक्षक वाघीण दबा धरून बसली होती. तिची नजर थेट त्यांच्या डोळ्यांत होती. त्यांच्या उजव्या हातात रायफल होती, छातीवर तिरपी धरलेली. डाव्या हातात होती रातवा पक्ष्याची दोन अंडी.

२/
ही कथा शिकारसाहित्याच्या वाचकांना ठाऊक असते. त्यांच्या लक्षात राहतात ती अंडी. त्याच कथेत कॉर्बेट यांनी जाता जाता आणखी एक तपशील नोंदवला आहे, तो मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्या वेळी रायफलचा सेफ्टी कॅच आधीच उघडलेला होता. हा धागा त्या एका लहानशा खटक्याचा आहे. त्याच्या आवाजापासून सावजाला अनभिज्ञ ठेवण्यासाठी माणसाने चारएक शतके काय काय केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा.

३/
सेफ्टी कॅच म्हणजे बंदुकीला घातलेले कुलूप. ते लागलेले असेपर्यंत चाप ओढला तरी बार उडत नाही. मराठीत अशा कळीला आपण ‘खटका’ म्हणतो, आणि मनात अचानक आलेल्या शंकेलाही ‘खटका’च म्हणतो. शिकारीच्या रानात हे दोन्ही अर्थ एकाच क्षणी खरे होतात. इकडे बंदुकीचा खटका वाजतो, तिकडे सांबराच्या मनात खटका येतो.

४/
रान कधी निःशब्द नसते. पाने सळसळतात, फांद्या मोडतात, वानरे हुपकारतात. या आवाजांना हरणे सरावलेली असतात. धातूवर धातू आपटल्याचा आवाज मात्र त्यांच्या ओळखीचा नसतो. तो तोकडा, टणक आणि चढ्या पट्टीचा असतो. चितळाचे कान एकमेकांपासून स्वतंत्रपणे वळतात आणि आवाजाची दिशा तत्काळ टिपतात. मार्जारकुळाची श्रवणशक्ती तर माणसाच्या मर्यादेच्या कितीतरी पुढच्या पट्टीपर्यंत पोचते. माणसाला जेमतेम ऐकू येणारा ‘टिक्’ बिबट्याच्या लेखी दवंडी असते.

५/
मागे जाऊ या, तोड्याच्या बंदुकीच्या काळात. तिथे खटका वाजण्याचा प्रश्न फारसा नव्हता, कारण अडचण त्याहून मोठी होती. या बंदुकीला पेटता तोडा लागे, म्हणजे धुमसणारी वात. ती बंदुकीच्या नाकाडाला अडकवलेली असे. चाप दाबला की वात खाली येऊन रंजकेला, म्हणजे बारीक दारूला, टेकत असे. रंजकेच्या वाटीवरचे सरकते झाकण हीच त्या काळची सुरक्षा. ते झाकण आवाज न करता सरकवता येई. वातीचा वास आणि अंधारातला तिचा लाल ठिपका मात्र लपवता येत नसे.

६/
म्हणूनच तोड्याच्या बंदुकीच्या शिकाऱ्याला वाऱ्याची दिशा सांभाळावी लागे आणि सावजाला आपल्याकडे येऊ द्यावे लागे. तरीही या बंदुकीने मोठमोठ्या शिकारी झाल्या. अकबर बादशहाच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’. तिने बादशहाने १०१९ जनावरे टिपल्याची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड याच बंदुकीने पडला, असे मोगल इतिहासकार सांगतात. शाही शिकारीत हाकारे असत, जनावरांना चहूबाजूंनी घेरले जाई. तिथे वासाची किंवा आवाजाची चिंता करण्याचे कारण नव्हते. ती चिंता होती पायी, एकट्याने फिरणाऱ्या शिकाऱ्याला.

७/
पुढे चकमकीची बंदूक आली. तिच्यामागून एकोणिसाव्या शतकात तांब्याची केप लावायची ठासणीची बंदूक आली. वात गेली, वास गेला, आणि त्यांच्या जागी आला घोडा. हा स्प्रिंगवर ताणलेला हातोडा अंगठ्याने मागे ओढायचा. अर्ध्यावर एक खटका वाजतो, पूर्ण ओढल्यावर दुसरा. अर्ध्या खटक्यावर घोडा अडकलेला असला की चाप ओढूनही बार होत नाही. तीच त्या बंदुकीची सुरक्षितता. सावज समोर येताच दुसरा खटका चढवावाच लागे, आणि शांत पहाटे तो आवाज दूरवर जाई.

८/
त्यावर शिकाऱ्यांनी एक युक्ती काढली. आधी चाप ओढून धरायचा, तसाच धरून घोडा अंगठ्याने पार मागे न्यायचा, मग चाप सोडायचा आणि शेवटी घोडा हलकेच आपल्या खाचेत बसू द्यायचा. दात्यांवरून घसरण्याचा आवाज होतच नाही. युक्ती नामी आहे. पण तिचा अर्थ नीट पाहा. भरलेल्या बंदुकीचा चाप ओढलेला आहे, आणि बार उडण्यामध्ये व न उडण्यामध्ये केवळ एक अंगठा उभा आहे. थंडीने तो बधिर झाला असेल, दवाने ओला असेल, तर? शांतता मिळाली, पण ती सुरक्षिततेच्या हिश्शातून कापून घेतलेली होती.

९/
१८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील अँसन आणि डीली या दोघांनी एका रचनेचे पेटंट घेतले. बंदूक मोडून काडतुसे भरताना नळ्यांच्या वजनानेच आतले घोडे ताणले जाऊ लागले. घोडा बाहेर दिसेनासा झाला. अंगठ्याने तो ओढण्याची गरज संपली आणि त्याबरोबर तो कुप्रसिद्ध खटकाही संपला. मात्र आता भरलेली बंदूक सदैव ताणलेलीच राहणार होती. म्हणून वरच्या बाजूला, अंगठ्याखाली येईल अशी, एक सरकती कळ आवश्यक ठरली.

१०/
पुष्कळ दुनळ्यांत ही कळ स्वयंचलित असे. बंदूक उघडून मिटली की ती आपोआप ‘बंद’वर येई. पक्ष्यांच्या शिकारीत, जिथे शेजारी पाचदहा माणसे उभी असतात, ही सोय वरदान होती. जखमी रानरेड्यासमोर तीच सोय जीवघेणी ठरू शकत होती. दोन बार संपले, घाईने नवी काडतुसे भरली, चाप ओढला आणि बंदूक मुकी. कुलूप आपोआप लागल्याचे भान अशा वेळी कोणाला राहणार? म्हणून धोकादायक जनावरांच्या मागे जाणारे अनेक शिकारी ही स्वयंचलित व्यवस्था मुद्दाम काढून टाकवीत.

११/
सरकती कळ मुकाट्याने उघडण्याची रीत साधी आहे. अंगठ्याने एकदम ढकलली की ती टोकाला जाऊन आपटते व वाजते. म्हणून अंगठा आणि तर्जनी अशा दोन्ही बोटांच्या चिमटीत ती धरायची, एका बोटाने रेटायची, दुसऱ्याने रोखायची आणि शेवटचा केसभर प्रवास श्वासागणिक होऊ द्यायचा. नळी मात्र सर्व वेळ निर्धोक दिशेला हवी, आणि बोट चापापासून दूर. या कसबाला बळ लागत नाही, सराव लागतो. तो सराव घरी, रिकाम्या बंदुकीवर करायचा असतो.

१२/
जर्मनीच्या पॉल माउझरने लष्करासाठी घडवलेल्या आणि १८९८ साली स्वीकारल्या गेलेल्या रायफलीत वेगळीच मांडणी होती. बोल्टच्या मागच्या टोकाला पाकळीसारखी एक तरफ. ती उजवीकडे असली की फायरिंग पिन आणि बोल्ट दोन्ही जखडलेले. उभी असली की पिन जखडलेली, पण बोल्ट उघडता येतो. डावीकडे वळवली की रायफल सज्ज. रणांगणासाठी ही रचना अतिशय भरवशाची होती. शिकाऱ्याला मात्र तीत दोन अडचणी जाणवत. तरफ अर्धवर्तुळात फिरवावी लागे, ती हालचाल डोळ्यांत भरे, आणि निष्काळजीपणे फिरवली तर ती वाजेही.

१३/
कॉर्बेट यांची सुप्रसिद्ध .२७५ रिग्बी रायफल याच माउझर धाटणीची. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्यांना भेट दिली होती. दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. जड जनावरांसाठी त्यांच्याकडे .४५०/४०० जेफ्री दुनळीही होती. पण पायी, दऱ्याखोऱ्यांतून दिवसभर भटकायचे तर हलकी रिग्बी त्यांना सोयीची वाटे.

१४/
आता पुन्हा त्या घळीत येऊ. चौगडच्या वाघांच्या नावावर सरकारी नोंदीप्रमाणे ६४ माणसांचे बळी होते. त्या दिवशी कॉर्बेट यांच्यासोबत दोन माणसे होती आणि आमिषासाठी एक रेडा. वाटेत रातव्याची अंडी दिसली. आगळ्या घाटाची म्हणून त्यांनी ती संग्रहासाठी उचलली. एक हात अडकला. मग घळीतून जात असताना वाघिणीची चाहूल लागली.

१५/
शिळेपाशी नजरानजर झाली तेव्हा नळीचे तोंड भलत्याच दिशेला होते. वाघिणीवर नेम धरण्यासाठी ते सुमारे पाऊण वर्तुळ फिरवावे लागणार होते, तेही एका हाताने. कॉर्बेट यांनी ती हालचाल इतकी सावकाश केली की वाघिणीला ती जाणवूच नये. तिची नजर त्यांच्या नजरेवरून ढळली नाही. हात पुरा ताणला गेला, नळी रोखली गेली, बार झाला. वाघिणीचे मस्तक हळूहळू तिच्या पुढच्या पंजांवर टेकले.

१६/
अंड्यांनीच आपल्याला वाचवले, असे कॉर्बेट यांचे मत. दोन्ही हात मोकळे असते तर दचकून ते गर्रकन वळले असते आणि त्याच क्षणी वाघिणीने झेप घेतली असती. हे खरेच. पण त्या क्षणी सेफ्टी कॅच लागलेला असता तर? रायफल एका हाताने पेललेली. मूठ सैल केल्यावाचून अंगठा तरफेपर्यंत पोचत नाही. पोचला तरी तरफ फिरताना दिसणार, कदाचित वाजणारही. आठ फुटांवरच्या वाघिणीने तेवढी सवड दिली असती, असे मानणे कठीण आहे.

१७/
म्हणजे खटका निःशब्दपणे उघडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग एकच. सावजाच्या कानांच्या टप्प्यात शिरण्यापूर्वीच तो उघडून ठेवायचा. चिमटीचे कसब, ओढून धरलेला चाप, हे सारे उशिरा आलेल्या माणसाचे उपाय. जुन्या जाणत्यांचे कौशल्य बोटांत कमी आणि अंदाजात अधिक होते. कुठल्या वळणापासून रान ‘त्याचे’ सुरू होते, हे ओळखण्यात.

१८/
मात्र उघडा खटका घेऊन चालणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. घळीत शेवाळलेले दगड असतात, वेली पायांत अडकतात. एक ठेच, आणि गोळी कोणत्या दिशेला जाईल याचा नेम नाही. कॉर्बेट यांच्यासोबत त्या दिवशी दोन माणसे होती. नरभक्षकामागे शक्यतो एकट्याने जावे, असे ते म्हणत. त्यांचे कारण मार्मिक होते. सोबती निःशस्त्र असला तर त्याला सांभाळणे अवघड, आणि सशस्त्र असला तर त्याच्यापासून स्वतःला सांभाळणे त्याहून अवघड.

१९/
बंदुकीचा इतिहास बहुधा पल्ला, वेग, गोळीचे वजन अशा आकड्यांत सांगितला जातो. तोड्याच्या झाकणापासून माउझरच्या तरफेपर्यंतचा हा दुसरा इतिहास बंदूक न उडण्याचा आहे. प्रत्येक कारागिराला दोन मालकांची चाकरी करावी लागली. शेजारच्या माणसाला सुरक्षितता हवी होती, शिकाऱ्याला शांतता. दोघांना एकाच वेळी पुरते समाधान देणारा खटका कोणालाच घडवता आला नाही. तो हिशेब अखेर शिकाऱ्याच्या विवेकावर सोडावा लागला.

२०/
बार झाल्यानंतर कॉर्बेट यांनी एक गोष्ट केली. ती दोन अंडी त्यांनी परत नेऊन जिथून उचलली होती तिथेच ठेवली. अर्ध्या तासाने ते पुन्हा तिकडून गेले, तेव्हा रातव्याची मादी अंड्यांवर बसलेली होती.

२१/
कॉर्बेट यांच्या आयुष्यात हा खटका आणखी एकदा, वेगळ्या रूपात आला. १९२८ साली त्यांना १६ मिलिमीटरचा चलचित्र कॅमेरा मिळाला. वाघांचे मनाजोगते चित्रण करण्यात दहा वर्षे अपयश आले. वाघाला कॅमेऱ्याची घरघर ऐकू येई. अखेर १९३८ च्या हिवाळ्यात त्यांनी एका ओढ्याकाठी आपला ‘स्टुडिओ’ मांडला आणि पाणी अडवून लहान लहान धबधबे तयार केले. पाण्याच्या खळखळाटात यंत्राची घरघर बुडाली. सात वाघ एकत्र चित्रित झाले. बंदुकीसाठी त्यांनी शांतता जपली होती, कॅमेऱ्यासाठी त्यांनी आवाज निर्माण केला.

२२/
या हकिकती ज्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मध्ये आहेत, ते पुस्तक १९४४ साली मुंबईत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते युग भारतात संपवले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला, तोही कॉर्बेट यांचेच नाव लाभलेल्या राष्ट्रीय उद्यानात.

२३/
आज ताडोबात किंवा पेंचमध्ये पाणवठ्याशी जिप्सी थांबते, वाघ झुडपाआडून बाहेर येतो, आणि कोणाच्या तरी कॅमेऱ्याचा शटर वाजतो. वाघाचा एक कान त्या दिशेला वळतो. पूर्वीच्या खटक्यामागून मृत्यू येत असे, या खटक्यामागून फक्त छायाचित्र येते. कान वळवणाऱ्या वाघाला मात्र हा फरक कळण्याचा काही मार्ग नाही. तो माणसालाच कळायला हवा.

धागा समाप्त.