नाटे बंदरातील मापने : पदव्युत्तर मत्स्यसंशोधनाचा एक अनुभव

राजापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जैतापूर खाडीच्या उत्तर तीरावर वसलेले नाटे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना यशवंतगडामुळे आणि वृत्तपत्रांच्या वाचकांना पैलतीरावरील माडबनच्या नियोजित अणुऊर्जा प्रकल्पामुळे परिचित आहे. मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र या गावाचे महत्त्व त्याला लागून असलेल्या साखरी नाटे या मच्छीमार वस्तीत आणि तिच्या बंदरात आहे, कारण खाडीतील आणि समुद्रातील अशी दोन्ही प्रकारची मासळी येथे अगदी थोड्या अंतरात पाहता व अभ्यासता येते. प्रस्तुत लेखिकेने पदव्युत्तर पदवीसाठीचे आपले क्षेत्रकार्य, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर प्रत्यक्ष जागेवर जाऊन करावयाची निरीक्षणे व मापने, याच परिसरात केली. अशा अभ्यासातील मापने एकेकटी पाहिली तर क्षुल्लक वाटतात; परंतु किनाऱ्याविषयीचे मोठे निर्णय शेवटी त्यांच्यावरच उभे राहतात आणि म्हणून ती ज्या बंदरातून घेतली त्या बंदराला परत मिळणे हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे, ही या अनुभवातून दृढ झालेली धारणा पुढील विवेचनात मांडली आहे.

कोकणातील विद्यार्थ्याला मत्स्यसंशोधनाची संधी शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, ही बाब पालकांना आणि कित्येकदा विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसते. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे, मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथे १९८१ पासून चालू असून तेथे मत्स्यसंसाधन व्यवस्थापन, मत्स्यसंवर्धन, मत्स्यप्रक्रिया अशा शाखांमध्ये दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. याच विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र रत्नागिरी शहरात आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली, गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या दोन्ही राष्ट्रीय दर्जाच्या संस्थाही याच किनारपट्टीवर आहेत. थोडक्यात, ज्या समुद्राच्या काठी विद्यार्थी वाढला त्याच समुद्राचा शास्त्रीय अभ्यास करण्याची सोय त्याच्या परिसरातच उपलब्ध आहे.

लेखिकेच्या अभ्यासाचा विषय बांगड्याची लांबी आणि परिपक्वता यांच्या संबंधाचा होता. मासा कोणत्या लांबीचा झाल्यावर प्रथमच अंडी घालण्यास योग्य होतो, हा मत्स्यव्यवस्थापनातील मूलभूत प्रश्न आहे. एका विशिष्ट लांबीच्या माशांपैकी निम्मे मासे परिपक्व आढळले, तर त्या लांबीला प्रथम परिपक्वतेची लांबी असे म्हणतात. त्याहून लहान मासे मोठ्या प्रमाणावर पकडले गेले तर पुढची पिढी जन्माला येण्यापूर्वीच साठा घटू लागतो. ही लांबी ठरविण्यासाठी वर्षभर, दर महिन्याला, निरनिराळ्या होड्यांतील मासे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निवडणाऱ्याची आवडनिवड मध्ये न येऊ देता, उचलावे लागतात. मापनफळीवर त्यांची तुंडापासून शेपटीपर्यंतची लांबी घ्यावी लागते, वजन करावे लागते, पोट चिरून जननग्रंथींची अवस्था पाहावी लागते आणि प्रत्येक नोंद ठरावीक तक्त्यात भरावी लागते. लांबी आणि वजन यांच्या नोंदींवरून त्या दोहोंचे गणिती नाते काढले जाते. माशाची लांबी दुप्पट झाली तर वजन साधारणपणे आठपट व्हावे, असे या नात्याचे स्थूल सूत्र असून प्रत्यक्ष मासे या सूत्रापासून किती ढळतात, यावरून त्यांच्या पोषणाविषयी आणि ऋतुमानानुसार होणाऱ्या बदलांविषयी अंदाज बांधता येतो.

या पद्धतीचे वर्णन पाठ्यपुस्तकात स्वच्छ आणि सरळ दिसते. बंदरात मात्र ती लिलावाच्या वेगाशी जुळवून घ्यावी लागते. होडी धक्क्याला लागली की मासळी क्षणभरही थांबत नाही, बर्फ आणि गाडी यांची वेळ ठरलेली असते, आणि अशा वेळी मासे मोजण्यासाठी एक पाटी बाजूला ठेवणे म्हणजे तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, आपल्या उत्पन्नातील काही भाग विश्वासाने एखाद्या अनोळखी विद्यार्थिनीच्या हाती देणे होय. हा विश्वास नाटे परिसरात सहज मिळणारा नव्हता आणि त्याची कारणे समजून घेणे हा लेखिकेच्या शिक्षणाचा महत्त्वाचा टप्पा ठरला. माडबन येथे ९,९०० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प प्रस्तावित झाल्यापासून या गावांत सर्वेक्षणे करणारी अनेक माणसे येऊन गेली होती, आणि एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाल्याची आठवण वस्तीत ताजी होती. त्यामुळे वही घेऊन धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला, ही माहिती कोणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक होते. लेखिकेला तो पुनःपुन्हा विचारला गेला आणि त्याचे उत्तर देण्यासाठी तिला आपल्या अभ्यासाचा हेतू शास्त्रीय परिभाषा बाजूला ठेवून सांगण्याची सवय करावी लागली. ज्या संशोधकाला आपला प्रश्न मच्छीमाराला समजावून सांगता येत नाही त्याला तो स्वतःलाही पुरता उमगलेला नसतो, हे तिला या प्रश्नोत्तरांतून कळले.

विश्वास निर्माण झाल्यावर मात्र बंदरातील माणसे केवळ नमुने देणारी न राहता अभ्यासाची दिशा सुधारणारी ठरली. एका वयोवृद्ध तांडेलाने, ज्यांना वस्तीत सारे चाचा म्हणत, तक्ता पाहून असे सुचविले की तारखेच्या जोडीला उधाण आणि भांग यांचीही नोंद असावी, कारण खाडीच्या मुखाशी येणाऱ्या लहान मासळीचे प्रमाण पाण्याच्या ओढीवर अवलंबून असते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरती-ओहोटीला उधाण, तर अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी राहतो त्या स्थितीला भांग म्हणतात. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ही सूचना मान्य केली आणि तक्त्यात एक रकाना वाढला. स्थानिक अनुभवातून आलेले निरीक्षण मोजता येण्याजोग्या स्वरूपात कसे आणावे, याचा हा धडा होता आणि तो कोणत्याही वर्गात मिळाला नसता.

या क्षेत्रकार्यातून पुढे आलेली दुसरी बाब खाडीतील स्त्रियांच्या श्रमाची होती. ओहोटीच्या वेळी जैतापूर खाडीच्या उथळ भागात आणि खडकांवर तिसऱ्या, मुळे आणि कालवे गोळा करणाऱ्या स्त्रियांची मासळी धक्क्यावर येत नाही. तिचा काही भाग घरी शिजतो, काही शेजारपाजारी व जवळच्या बाजारात विकला जातो. धक्क्यावर उतरणाऱ्या मासळीचीच गणना करण्याच्या रूढ पद्धतीत हे उत्पादन बहुतांशी सुटून जाते. जे मोजले जात नाही त्याचे नुकसान झाले तरी ते सिद्ध करता येत नाही, हे लक्षात आल्यावर लेखिकेने मूळ विषयाच्या मर्यादेत राहून शिंपल्यांच्या या संकलनाविषयी स्वतंत्र टिपणे ठेवली आणि प्रबंधिकेत पुढील अभ्यासासाठीचा विषय म्हणून त्यांचा उल्लेख केला. खाडीतील शिंपल्यांवर आणि ते गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या अर्थकारणावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे क्षेत्र आजही मोकळे आहे.

नुकसान सिद्ध करण्याच्या या प्रश्नाच्या संदर्भात आधारभूत नोंद ही संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या परिसरात मोठा बदल घडण्यापूर्वी तेथील पाण्याचे तापमान, क्षारता, मासळीच्या जाती, त्यांचे आकार आणि प्रमाण यांची जी पद्धतशीर माहिती जमविली जाते तिला आधारभूत नोंद म्हणतात. समुद्राचे पाणी घेऊन यंत्रे थंड करणारे आणि गरम झालेले पाणी पुन्हा समुद्रात सोडणारे वीजकेंद्र असो, बंदराचे विस्तारीकरण असो किंवा हवामानबदलामुळे तापणारा अरबी समुद्र असो, त्याचा मासळीवर काय परिणाम झाला हे सांगण्यासाठी बदलापूर्वीची स्थिती माहीत असावी लागते. अशी नोंद एका वर्षात तयार होत नाही, कारण मासळीचे प्रमाण दरवर्षी पाऊस, वारे आणि प्रवाह यांच्यानुसार आपोआपच बदलते आणि हा नैसर्गिक चढउतार वजा केल्याशिवाय मानवनिर्मित परिणाम दिसत नाही. एका विद्यार्थ्याचा अभ्यास जेमतेम एक मत्स्यहंगाम व्यापतो. परंतु एकाच बंदरात, एकाच पद्धतीने, एकामागून एक विद्यार्थ्यांनी मापने केली तर त्या प्रबंधिकांच्या साखळीतून दशकभराची आधारभूत नोंद उभी राहू शकते, आणि लेखिकेच्या मते पदव्युत्तर संशोधनाचे हेच सर्वांत मोठे सामर्थ्य आहे.

अशा मापनांचे शासनाच्या निर्णयात रूपांतर कसे होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शिफारशींच्या आधारे राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान निश्चित केले. त्याहून लहान मासळीची पकड व विक्री रोखणे हा त्यामागचा हेतू आहे. असे आकारमान ठरविण्याचा शास्त्रीय पाया म्हणजे वर उल्लेखिलेली प्रथम परिपक्वतेची लांबी होय. जाळ्याच्या आसाविषयीची, म्हणजे त्यातील छिद्रांविषयीची, शिफारसही अशाच मोजमापांतून येते. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या खोळीतील शंकरपाळीच्या आकाराचे आस ओढ बसताच मिटतात आणि पिलांना बाहेर पडता येत नाही, तर चौकोनी आस ओढ बसल्यावरही उघडे राहतात, हे दोन्ही प्रकारच्या जाळ्यांत अडकलेल्या माशांची लांबी मोजूनच सिद्ध करावे लागते.

विद्यापीठीय पातळीवर संशोधनाला मान्यता आणि आधार मिळण्याचे इतर मार्गही आहेत. कृषी विद्यापीठांतील संशोधनाचे निष्कर्ष राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे, म्हणजे व्यवहारात ज्याला जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात त्या बैठकीत, मांडले जातात आणि मान्यता मिळालेल्या निष्कर्षाला अधिकृत शिफारशीचे स्वरूप येते. आविष्कार या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांपासून संशोधक विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना आपले काम परीक्षकांसमोर मांडता येते, आणि ग्रामीण महाविद्यालयांतील मुलामुलींना आपला विषय थोडक्यात व नेमकेपणाने सांगण्याची सवय तेथे लागते. पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली असून बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही त्या त्या समाजघटकांतील विद्यार्थ्यांना उपलब्ध आहेत. तथापि पदव्युत्तर टप्प्यावर क्षेत्रकार्याचा खर्च, म्हणजे प्रवास, नमुन्यांची किंमत, रसायने आणि बर्फ, बहुधा विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो. लेखिकेच्या सहाध्यायांपैकी काहींनी केवळ या कारणाने बंदरातील विषय सोडून प्रयोगशाळेतील विषय निवडले, आणि ही हानी व्यक्तींपेक्षा किनाऱ्याची अधिक आहे.

प्रबंधिकांच्या भाषेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश या आणि इतर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या संगणकीय भांडारात खुले असतात, हे स्तुत्यच आहे. परंतु ते प्रायः इंग्रजीत असल्यामुळे ज्या धक्क्यावर मासे मोजले गेले तेथील माणसांपर्यंत ते पोचत नाहीत. लेखिकेने पदवी मिळाल्यानंतर आपल्या निष्कर्षांचा मराठी सारांश तयार करून तो साखरी नाटे येथील मच्छीमारांसमोर वाचला. त्या वेळी झालेल्या चर्चेत लहान बांगडा कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या खोलीवर अधिक मिळतो याविषयी जे मतभेद पुढे आले ते प्रबंधिकेच्या तोंडी परीक्षेतील प्रश्नांपेक्षा अधिक सूक्ष्म होते, कारण ते विचारणाऱ्यांची उपजीविका त्या उत्तरांवर अवलंबून होती.

या सर्व अनुभवावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, विद्यापीठांनी कोकणातील काही बंदरे दीर्घकालीन निरीक्षणासाठी निश्चित करावीत आणि पदव्युत्तर विषय देताना मागील विद्यार्थ्यांच्या पद्धतीशी सातत्य राखणे बंधनकारक करावे. दुसरी अशी की, क्षेत्रकार्य करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला माफक पण निश्चित खर्च देण्यात यावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की, प्रत्येक प्रबंधिकेसोबत मराठी सारांश जोडणे आणि तो संबंधित गावातील मच्छीमार सहकारी संस्थेपुढे मांडणे हा पदवीच्या अटींचा भाग असावा. नाट्यासारख्या गावाने विद्यार्थ्यांना आपली मासळी, आपला वेळ आणि आपले ज्ञान दिले आहे. त्या बदल्यात त्याला स्वतःच्या समुद्राविषयीची खात्रीशीर माहिती स्वतःच्या भाषेत मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो मिळवून देणे हेच पदव्युत्तर संशोधनाचे खरे यश होय.