पिस्टनच्या खालची हवा

इंजिनाबद्दल बोलताना सगळे पिस्टनच्या वर काय होतं तेवढंच बोलतात. पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी कधी... आमच्या मेकॅनिकलच्या चार वर्षांतही तेच. पिस्टनच्या खाली काय चालतं? "क्रँककेस व्हेंटिलेशन : टीप लिहा, ४ मार्क." संपलं! ऑप्शनला टाकायचा प्रश्न. पुढे मेकॅनिकलवाल्यांचं जे होतं तेच माझं झालं, कॅम्पसमधून थेट आयटीत, आणि क्रँककेसशी संबंध तुटला.

ड्रॅग रेसिंगवाल्यांचं मात्र निम्मं डोकं या चार मार्कांच्या प्रश्नात अडकलेलं असतं. हे कळलं आणि मग मी काही शनिवार-रविवार यातच घालवले.

थोडी थिअरी सांगतो, पळू नका. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. याला म्हणतात ब्लो-बाय. हा गॅस बाहेर काढला नाही तर खाली दाब साचतो, आणि मग तेल मिळेल त्या फटीतून बाहेर यायला लागतं. पूर्वीच्या गाड्यांना खाली एक नळी असायची, गॅस सरळ रस्त्यावर. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे १९६१ साली कॅलिफोर्नियाने ठरवलं की हा गॅस परत इंजिनातच जाळायचा, आणि १९६३ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. तीच पीसीव्ही व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरच्या खाली मॅनिफोल्डमध्ये जी ओढ असते तिच्यावर ती चालते.

गोची अशी की अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली ओढ जवळजवळ शून्य होते. आणि ड्रॅग रेस म्हणजे पाव मैल, १३२० फूट, ४०२ मीटर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला! ब्लो-बाय सगळ्यात जास्त असतो नेमका तेव्हाच पीसीव्हीचा उपयोग नाही.

आता गंमत बघा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन गाड्यांवर प्रदूषण कमी करायला एक हवेचा पंप आला, एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलणारा. रेसिंगच्या पोरांनी तो सगळ्यात आधी उचकटून फेकला, उगाच ताकद खातो म्हणून. पुढे कुणीतरी विचार केला की या पंपाला एक फुंकायची बाजू आहे तशी एक ओढायची बाजूही आहे. ती ओढणारी बाजू व्हॉल्व्ह कव्हरला जोडली तर? म्हणजे ज्याला शिव्या घालून काढला त्यालाच उलटा जोडून परत बसवला. आज ड्रॅगवाले जे खास व्हॅक्यूम पंप घेतात, पट्ट्यावर चालणारे, ते याच घराण्यातले. यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपात तिरकी नळी खुपसायची, धावत्या गॅसच्या ओघाबरोबर क्रँककेसमधली हवाही ओढली जाते. पण सायलेन्सर लावला की ही युक्ती लंगडी पडते.

पण नुसती हवा ओढून ताकद कशी वाढते? मला हेच पटत नव्हतं. खाली पोकळी असली की रिंग आपल्या खाचेत खालच्या कडेला नीट चिकटून बसते, फडफडत नाही. शिवाय इंजिन हवा आत घेत असताना तेल खालून वर चोरून जात नाही. तेल वर गेलं की पेट्रोलचा ऑक्टेन पडतो आणि इंजिन ठोकायला लागतं. मग तेल पुसणारी जी तिसरी रिंग असते ती मुद्दाम सैल ताणाची घालता येते. रिंगांच्या घर्षणात मोठा वाटा तिचाच! म्हणजे पंप स्वतः ताकद फारशी देत नाही, तो सैल रिंग घालायची परवानगी देतो. वर खालची हवा विरळ, म्हणून तेलाच्या फवाऱ्यात गरगरणाऱ्या क्रँकला विरोधही कमी.

मोठ्या व्ही-एटला यातून दहा-वीस हॉर्सपॉवर मिळतात असं इंजिन बांधणारे सांगतात. दहा-वीस म्हणजे काय? मी हिशोब केला. पाव मैलाची वेळ साधारण ताकदीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ७०० चे ७१५ झाले तर साडेनऊ सेकंदांतून सहा-सात शतांश जातात. शेवटच्या रेषेवर गाडी ताशी २२५ किलोमीटरवर असेल तर तेवढ्या वेळात ती चार मीटर जाते. जवळजवळ एका गाडीची लांबी. जिंकणं आणि हरणं यांत एवढंच तर असतं.

आपली जुनी लोखंडी सिलिंडरची बुलेट हेच काम बिनपंपाने करते, माहितेय? एकच पिस्टन, ३४६ सीसी. तो खाली येताना तेवढी हवा दाबतो आणि बदकाच्या चोचीसारखा एक रबरी तुकडा उघडून ती बाहेर जाते. वर जाताना चोच मिटते, आत सौम्य पोकळी राहते. रबर कडक झालं की बुलेट तेल गाळायला लागते आणि लोक गॅस्केटं बदलत बसतात. व्ही-एटमध्ये हे होत नाही कारण एक पिस्टन खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो, एकूण जागा तेवढीच. म्हणून पट्टा, पंप आणि खर्च.

२०२३ मध्ये प्रोजेक्टमुळे शार्लटला होतो (बँकांचं गाव, आपली आयटीची जनता भरपूर). जवळच कॉनकॉर्डला चार पट्ट्यांची झीमॅक्स ड्रॅगवे आहे. तिथे तिकिटावर पिटमध्येही फिरता येतं, आणि मी रेस कमी आणि पिट जास्त पाहिली. हौशी गटातला एक साठीचा गृहस्थ आणि त्याचा मुलगा जुन्या शेव्हरोलेवर काम करत होते. पंपावरच्या रिलीफ व्हॉल्व्हवरून दोघांची जुंपलेली. बाबा म्हणे १२, पोरगा म्हणे १६. हे पाऱ्याचे इंच. वातावरणाचा दाब साधारण ३० इंच, म्हणजे सोळाला अर्ध्याहून जास्त हवा गायब.

पोरगा चूक नव्हता. पण ज्या तेलाच्या धुक्याला आपण बाहेर ओढतो, त्याच धुक्यावर पिस्टनची गजन पिन जगते (अमेरिकेत तिला रिस्ट पिन म्हणतात). साध्या संपच्या इंजिनात साधारण १५ च्या पुढे जायचं तर पिनेपर्यंत तेल पोचवायची वेगळी सोय लागते. यांच्याकडे ती नव्हती. पिन अडकली की कनेक्टिंग रॉड, मग ब्लॉक, मग ट्रॅकभर तेल, आणि आपल्याच मागच्या चाकांखाली ते तेल! म्हाताऱ्याने एवढं काही सांगितलं नाही. एका पिस्टनच्या पिनेला हात लावून म्हणाला, आधीच्या इंजिनातली आहे. पिन जांभळी-निळी पडली होती. पोरगा गप्प.

आणखी एक गोष्ट त्यानेच दाखवली. क्रँकच्या टोकाचं सील आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून बनवलेलं असतं. आत पोकळी आली की त्याची ओठासारखी कड उचलली जाते आणि बाहेरची हवा, धूळ आत. म्हणून हे लोक सील चक्क उलटं बसवतात. आमच्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं.

शेवटी १२ वरच पळाले. परत आल्यावर त्याने आधी वेळेची चिठ्ठी नाही, कॅच कॅन बघितला. चहाचा एक चमचा तेल असेल. मग एका तेलकट वहीत रनचा नंबर, हवेचं तापमान आणि शेवटच्या रेषेजवळ मीटरवर दिसलेला आकडा लिहिला. सेटिंग तेच असताना तो आकडा उतरायला लागला की कुठेतरी गळती आहे किंवा रिंगा चालल्या आहेत. वहीत पंधरा-वीस पानं भरलेली होती, आणि या सीझनच्या ओळींत १२, १२, १२, ११.५, १२ असं काहीतरी होतं. त्या साडेअकराभोवती त्याने गोल केला होता आणि पुढे फक्त "बेल्ट" असं लिहिलं होतं.