ओंडक्याची खालची बाजू

गाझियाबाद जिल्ह्यातील मुरादनगर येथे गंगेच्या कालव्याचे पाणी नळांतून दिल्लीकडे वळवले जाते, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. परंतु 1854 साली वाहता झालेल्या या कालव्याच्या काठाने जी वाट जाते, तिच्या कडेला वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ओंडक्यांखाली एक संथ व्यवहार चालत असे, याची दखल सहसा कोणी घेतली नाही. या वाटेला स्थानिक लोक ‘पटरी’ म्हणतात. तिच्या दुतर्फा शीशम, म्हणजे महाराष्ट्रातील शिसवाचा उत्तरेकडील भाऊबंद, तसेच अर्जुन, जांभूळ आणि पुढे लावलेली निलगिरी यांची रांग होती. वादळात किंवा मुळे कुजल्यामुळे त्यांतील एखादे झाड आडवे होई, त्याच्या जाड फांद्या सरपणासाठी जात, आणि अडचणीच्या उतारावरचा एखादा जड बुंधा मात्र तसाच राहून जाई.

अशा बुंध्याच्या खालच्या अंगाला जी कवके वाढतात, त्यांना पापुद्री कवके म्हणता येईल. कवक म्हणजे बुरशी आणि अळंबी ज्यात मोडतात तो सजीवांचा वर्ग. त्यातील या गटाला छत्रीही नसते आणि देठही नसतो. त्यांचे फळपिंड, म्हणजे बीजाणू निर्माण करणारा भाग, लाकडाला सपाट चिकटून पसरतो आणि त्याचे सुपीक अंग जमिनीकडे असते. या उलट्या बैठकीमागे साधे कारण आहे. बीजाणू सुटून मोकळ्या हवेत खाली पडावे लागतात, आणि थर उघडा राहिला तर पावसाने धुपतो वा उन्हाने करपतो. अळंबीला त्यासाठी छत्री उभारावी लागते, तर पापुद्री कवकाला ओंडकाच छप्पर पुरवतो. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या प्रदेशात या छपराचे मोल अधिकच. पावसाळ्यात पसरलेला थर उन्हाळ्यात कागदासारखा वाळतो. त्यांतील काही जाती पुन्हा ओल मिळताच बीजाणू सोडू लागतात, आणि पौष-माघातील दाट धुक्याची ओलही त्यांना थोडीफार पुरते.

या ओंडक्यांशी ज्यांचा खरा परिचय होता, ते कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. कालव्याची देखभाल करणाऱ्या कामगाराला तिकडे बेलदार म्हणतात. असे एक वयस्क बेलदार, ज्यांना पटरीवरचे सगळे ‘ताऊ’, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, या नात्याने हाक मारीत, ते काठावरच्या प्रत्येक पडलेल्या खोडाचा हिशेब मनात ठेवून होते. भाद्रपदातल्या एका सकाळी, पाऊस नुकताच उघडलेला असताना, त्यांनी फावड्याचा दांडा खाली सारून शीशमचा एक ओंडका अर्धा वळता केला. ते काम त्यांनी अशा बेताने केले की, खालच्या मातीला धक्का लागू नये. आत जे दिसले त्यात पहिल्या नजरेला सौंदर्य म्हणावे असे फारसे नव्हते: साल सुटलेली, मुंग्यांची पळापळ, एक गोम, आणि ओल्या चुन्याचा हात फिरवावा तसा पांढरट पट्टा. जवळून पाहिल्यावर मात्र त्या पट्ट्याची कड सरळ संपत नाही, ती बारीक तंतूंनी झिरमिळत पुढच्या लाकडावर सरकते आहे, हे कळत होते. मध्यभागी रंग किंचित साईसारखा झाला होता, आणि त्याच्या शेजारी निळसर राखाडी रंगाचा दुसरा थर तडकून त्याचे बारीक चौकोन पडले होते. दोन्ही थर जिथे भिडत, तिथे एक गडद तपकिरी रेघ होती. ताऊंनी तिच्यावरून बोट नेले, पण टेकवले नाही. मग त्यांनी ओंडका होता तसाच, होता त्याच कुशीवर, परत बसवला, आणि उघडा टाकला तर आतले सगळे मरते, एवढेच सांगून ते फावडे खांद्यावर टाकून निघाले. कवकांचे अभ्यासक हीच शिस्त पाळतात, ती पाठ्यपुस्तकातून शिकतात. ताऊंना ती कोणी शिकवली होती, हे विचारायचे राहून गेले.

ती गडद रेघ ही हद्द असते. एकाच लाकडात शिरलेली दोन कवके आपापल्या प्रदेशाच्या सीमेवर रंगद्रव्य साठवून अशी भिंत घालतात. फॅनेरोकीटसारख्या पांढरी कुज घडवणाऱ्या प्रजाती लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे चिवट द्रव्य, विघटित करू शकतात. हे सामर्थ्य सजीवसृष्टीत फार थोड्यांकडे आहे. टोमेंटेला या दुसऱ्या पापुद्री प्रजातीचा प्रकार आणखी वेगळा: तिचे तंतू जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करतात आणि मेलेल्या ओंडक्याचा वापर केवळ फळपिंड टेकवण्यापुरता होतो. गाझियाबादच्या सपाटीवर या सर्वांना वाळवीशी स्पर्धा करावी लागते, कारण जमिनीला टेकलेले लाकूड बहुधा तीच आधी गाठते. म्हणून दगडावर वा दुसऱ्या फांदीवर किंचित उचललेला ओंडका कवकांना लाभतो. शिवाय शीशमचे गडद मध्यकाष्ठ कुजीला दाद देत नाही, आणि सगळा संसार भोवतीच्या फिक्या रसकाष्ठाच्या बोटभर कड्यात मांडावा लागतो.

भारतात या गटाचा अभ्यास झाला तो बराचसा डोंगराच्या ओढीने; वायव्य हिमालयातील पसरट कवकांवर एस. एस. रतन यांचा ग्रंथ 1977 साली निघाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. अशा संग्रहांत पापुद्री कवक सालीच्या वा लाकडाच्या तुकड्यासह वाळवून कागदी पाकिटात ठेवतात, कारण ते आधारापासून वेगळे काढताच येत नाही. कालव्याच्या पटरीसाठी एवढ्या सायासाने कोण येणार?

मुरादनगरपासून मुझफ्फरनगर जिल्ह्यातील पुरकाझीपर्यंत याच कालव्याच्या काठाने कावड यात्रेकरूंसाठी नवा मार्ग बांधण्याकरिता तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 1 लाख 12 हजार झाडे तोडण्याचे ठरले, आणि 2024 साली प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे चालू असतानाच 17 हजारांहून अधिक झाडे तोडून झाली होती. वादाची सगळी भाषा उभ्या झाडांची होती, आणि भरपाईचा हिशेब रोपांचा व हेक्टरांचा. आधीच पडलेला ओंडका कोणत्याही रकान्यात बसत नाही. तो ठेकेदाराच्या दृष्टीने अडथळा आणि सुशोभन करणाऱ्याच्या दृष्टीने कचरा. रोप दहा-पंधरा वर्षांत सावली देईल हे खरे, परंतु त्याला आडवे होऊन मुरायला आणखी एक आयुष्य लागते, आणि नव्या लागवडीत वाळके लाकूड लगोलग उचलण्याची जी टापटीप पाळली जाते, तिच्यात तेही घडू दिले जात नाही. या टापटिपीविषयी राग न धरता लिहिणे अवघड आहे.

शीशमचे चांगले लाकूड उत्तरेकडे सहारनपूरच्या नक्षीकामालाही लागते. तिथवर जाण्याआधी ते आरा मशीनवर चौरस केले जाते. नक्षीला हवे असते ते गडद मध्यकाष्ठ, म्हणून कवकांचा संसार ज्यात मांडला जातो ते फिके रसकाष्ठ सालीसकट चारी बाजूंनी छाटून टाकतात. त्या छाटणीचा ढीग मशीनच्या मागे साचतो आणि सरपणाच्या भावाने विकला जातो.