मामांचं नेमणूकपत्र

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बाबांनी माणसं ठेवली ती तोंडी बोलीवर. पगार आणि सुट्टी ठरली की दुसऱ्या दिवसापासून हजेरी. मी कारभार हाती घेतल्यावरही तेच चालू राहिलं. मग आमच्या आर्गन वेल्डर मामांना घरासाठी कर्ज काढायचं होतं आणि बँकेनं नेमणूकपत्र मागितलं.

हिशेबनिसानं कुठल्याशा मोठ्या कंपनीचा मसुदा आणून दिला. त्यातलं एक कलम: काम सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात दुसरीकडे काम करायचं नाही. मामा हसले. "ताई, मग दोन वर्षं भजी तळू का?" वकिलांनी सांगितलं, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 नुसार अशी अट टिकतच नाही. खोडली.

खरा घोळ उचलीपाशी झाला. गणपतीला, मुलीच्या फीला, गावच्या घरावरच्या पत्र्यांना उचल ठरलेलीच. 'उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही' असं लिहून घे, हा शेजारच्या शेडवाल्यांचा सल्ला. वकील म्हणाले, "पैसे वसूल करता येतात, माणूस अडकवता येत नाही. वेठबिगारीवर 1976 पासून कायद्यानं बंदी आहे." मग दरमहा किती कापायचे आणि सोडून जाताना उरलेल्या रकमेचा हिशेब कसा करायचा, ते आम्ही समोरासमोर बसून ठरवलं. मामांनी ओव्हरटाइमचा दर घालायला लावला. तोवर डिस्पॅचच्या रात्री थांबणाऱ्याला वडापाव आणि रिक्षाभाडं मिळायचं. आता दुप्पट दर लिहिला.

ईएसआयला दहा माणसं लागतात, पीएफला वीस. आमची संख्या दोन्हींच्या खाली. म्हणजे कुणाचा हात भाजला तर भरपाई थेट माझ्या अंगावर. म्हणून अपघात विमा काढला आणि पत्रात तसं नमूद केलं.

मामांचं पत्र पाहून बाकीच्यांनीही मागितलं. हेल्परचं लिहिताना हात अडला. त्यानं विचारलं, "ताई, वेल्डर कधी लिहिणार?" रोज वेल्डिंग करणाऱ्या पोराला पगार मात्र हेल्परचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं. शेवटी मामांनीच अट सांगितली आणि मी ती लिहिली: स्टेनलेस पाइपचे जॉइंट प्रेशर टेस्टमध्ये गळले नाहीत, की त्या महिन्यापासून हुद्दा वेल्डरचा आणि पगारही वेल्डरचा.